बळ उसनं, चाल स्वतःची

विजेच्या घड्याळांचा नाद आहे असं सांगितलं की समोरचा पहिल्यांदा हेच विचारतो, लाईट गेली की मग काय? मला हा प्रश्न मनापासून आवडतो, कारण माझा सगळा संग्रह त्याच्याच भोवती जमलाय. मी विजेवरची जुनी घड्याळं जमवते पण सगळी नाही, फक्त लाईट गेल्यावरही चालू राहणारी. त्यातली काही प्लगवरची आहेत आणि वीज गेली की पोटातल्या स्प्रिंगवर येतात, काहींना प्लग हा प्रकारच माहीत नाही, एक सेल घातला की वर्ष वर्ष चालतात, आणि काहींना तर वीज तासातून एकदाच, तीही थोडा वेळ लागते, बाकी वेळ ती आपापली चालत असतात.

आता हीच का, ते सांगायचं तर थोडं आत शिरावं लागेल.

कुठल्याही घड्याळाला दोन गोष्टी लागतात. एक बळ, म्हणजे चाकं आणि काटे फिरवायची ताकद. दुसरी चाल, म्हणजे किती वेगाने फिरायचं हे ठरवणारं काहीतरी. चावीच्या घड्याळात बळ कमानीचं, म्हणजे गुंडाळलेल्या स्प्रिंगचं, आणि चाल लंबकाची किंवा बॅलन्स व्हीलची, म्हणजे ठरलेल्या लयीत मागेपुढे झुलणाऱ्या चाकाची. घड्याळात वीज आली तेव्हा खरा प्रश्न हा होता की विजेकडून यातलं काय घ्यायचं, नुसतं बळ की चालसुद्धा? विसाव्या शतकात घराघरात जी प्लगवाली घड्याळं गेली त्यांनी दोन्ही घेतलं. त्यांच्यात लंबक नाही, बॅलन्स नाही, काहीच नाही, एक छोटी सिंक्रोनस मोटर असते आणि ती वीज सेकंदाला 50 किंवा 60 वेळा जी मागेपुढे होते त्या तालावर फिरते. म्हणजे वेळ त्या घड्याळात नसतेच, ती पॉवर स्टेशनात असते आणि घड्याळ ती नुसती मोजून दाखवतं.

ही कल्पना यशस्वी करून दाखवली हेन्री वॉरन या अमेरिकन इंजिनियरने, आणि यातली मला आवडणारी गोष्ट ही की वॉरनने सुरुवात बॅटरीच्या लंबकवाल्या घड्याळांपासून केली होती. ती त्याला हवी तितकी अचूक होईनात म्हणून तो सिंक्रोनस मोटरकडे वळला. मोटर तर जमली, पण पॉवर स्टेशनं त्या काळी फ्रिक्वेन्सीकडे, म्हणजे वीज सेकंदाला नेमकी किती वेळा मागेपुढे होते याच्याकडे, इतकं बारीक लक्ष देत नव्हती, मग घड्याळ बरोबर कसं चालणार? तर या माणसाने पॉवर स्टेशनासाठीच एक मास्टर क्लॉक बनवलं. त्याला दोन काटे, एक लंबकावर चालणारा आणि दुसरा तिथे तयार होणाऱ्या विजेवर. ऑपरेटरचं काम एवढंच की दोन्ही काटे एकावर एक राहतील असं जनरेटर सांभाळायचं. ऑक्टोबर 1916 मध्ये बॉस्टनच्या एडिसन कंपनीत असं पहिलं घड्याळ बसलं. म्हणजे एका माणसाने आधी घड्याळ केलं आणि मग ते बरोबर चालावं म्हणून अख्ख्या शहराची वीजच वक्तशीर केली, याचं मला खरंच फार कौतुक आहे. त्याच्या टेलेक्रॉन घड्याळातलं रोटरचं, म्हणजे मोटरच्या फिरणाऱ्या भागाचं, सीलबंद तांब्याचं डबडं मी हातात घेऊन कितीतरी वेळ बघत बसलेय, आत तेलात बुडालेली दातेरी चाकं, आणि 60 हर्ट्झवर, म्हणजे सेकंदाला 60 वेळा मागेपुढे होणाऱ्या विजेवर, रोटर मिनिटाला 3600 फेरे घेतोय.

पण या सोयीसाठी काय सोडलं ते 2018 साली दिसलं. कोसोवोत वीज वापर जास्त आणि निर्मिती कमी पडत होती, ती तूट कोणी भरून काढायची यावरून सर्बियाशी वाद होता, आणि युरोपातल्या देशांचं ग्रिड, म्हणजे विजेचं जाळं, एकमेकांना जोडलेलं असल्यामुळे जानेवारीच्या मध्यापासून मार्चच्या सुरुवातीपर्यंत सगळीकडची फ्रिक्वेन्सी सरासरी 49.996 हर्ट्झवर आली. फरक केवढा, तर 50 मध्ये चार हजारांश. पण तो रोज साठत गेला आणि दोन महिन्यांच्या आत ओव्हनवरची, रेडिओ अलार्मवरची घड्याळं जवळजवळ 6 मिनिटं मागे पडली, तीही शेकडो किलोमीटर लांबच्या देशांत. घड्याळात कुठेच बिघाड नव्हता, त्यांनी चाल दुसऱ्याकडून घेतली होती आणि तो दुसराच मंद झाला होता.

लाईट जाणं हे याच गोष्टीचं टोक. प्लगवालं घड्याळ लाईट गेली की थांबतं, ठीक आहे, पण लाईट परत आल्यावर ते काय करतं यात मला जास्त रस आहे. सुरुवातीच्या बऱ्याच सिंक्रोनस घड्याळांची मोटर आपोआप सुरू होत नसे, मागे एक छोटा नॉब असायचा तो बोटाने फिरवून मोटरला वेग द्यावा लागायचा. लॉरेन्स हॅमंडने 1928 मध्ये कंपनी काढली तिची घड्याळं अशीच होती (हा तोच हॅमंड ज्याचा ऑर्गन पुढे जगभर गाजला, आणि त्या ऑर्गनमध्येसुद्धा चाकं फिरवायला सिंक्रोनस मोटरच आहे). लोकांना हा नॉब म्हणजे कटकट वाटायची. मला मात्र तो प्रामाणिक वाटतो. लाईट गेली, घड्याळ थांबलं, लाईट आली तरी ते थांबलेलंच आहे, म्हणजे बघणाऱ्याला लगेच कळतं की इथली वेळ धरू नका. उलट आपोआप सुरू होणारं घड्याळ वीस मिनिटांच्या खंडानंतर जिथे होतं तिथून चालायला लागतं, अगदी आत्मविश्वासाने, वीस मिनिटं मागे, आणि कुणाला पत्ता लागत नाही. वॉरनला हे कळत होतं, म्हणून टेलेक्रॉनच्या तबकडीवर एक बारीकसं भोक ठेवलेलं असायचं, वीज खंडित झाली की त्यात लाल ठिपका यायचा आणि वेळ परत लावेपर्यंत जायचा नाही. इतका साधा उपाय. नंतरच्या स्वस्त मॉडेलांतून तो गेला, आणि जायला नको होता.

तर माझी घड्याळं या सगळ्याच्या दुसऱ्या बाजूची. ती विजेकडून फक्त बळ घेतात आणि चाल स्वतःकडे ठेवतात.

आणि गंमत बघा, विजेचं घड्याळ जन्माला आलं तेच असं. अलेक्झांडर बेन या स्कॉटिश घड्याळजीला पेटंट मिळालं 1841 मध्ये, आणि पहिली मोठी वीज केंद्रं, लंडनचं होलबर्न आणि न्यूयॉर्कचं पर्ल स्ट्रीट, सुरू झाली 1882 मध्ये. मधली चाळीस वर्षं विजेची घड्याळं होती पण घरात येणारी वीजच नव्हती, त्यामुळे लाईट जाण्याचाही प्रश्न नव्हता. बेनने तर जमिनीतूनच वीज काढली, ओल्या मातीत जस्ताची आणि तांब्याची पत्रं पुरली की साधारण एक व्होल्ट मिळतं, तेवढ्यावर त्याचा लंबक झुलायचा. हे वाचलं तेव्हा माझ्या डोक्यातला क्रमच उलटा झाला. मी समजत होते की बॅटरीचं घड्याळ म्हणजे प्लगच्या घड्याळाला नंतर सुचलेला पर्याय. प्रत्यक्षात प्लगवालंच नंतर आलं.

मग एकेकाने बळ साठवायच्या किती तऱ्हा काढल्या त्या पाहिल्या की थक्क व्हायला होतं. न्यूयॉर्कच्या सेल्फ वाइंडिंग क्लॉक कंपनीने, 1886 ची ही, सरळ चावीचंच घड्याळ घेतलं आणि चावी द्यायचं काम मोटरला दिलं. दोन मोठे ड्राय सेल, तीन व्होल्ट, आणि दर तासाला मोटर घरघरते, कमान एक फेरा गुंडाळते आणि गप्प होते. ग्रँड सेंट्रल स्टेशनातलं चौकशी खिडकीवरचं ते प्रसिद्ध चार तोंडांचं घड्याळ याच कंपनीचं. इंग्लंडमध्ये फ्रँक होप-जोन्सच्या सिंक्रोनोम नावाच्या घड्याळात तर वीज लंबकाला शिवतसुद्धा नाही, दर 30 सेकंदांनी एक छोटा वजनाचा दांडा लंबकावर पडतो, त्या वजनाने लंबकाला ढकल मिळते, आणि विजेचं काम एवढंच की पडलेला दांडा उचलून परत जागेवर ठेवायचा. ढकलतं कोण, तर गुरुत्वाकर्षण, आणि ते रोज तेवढंच. बॅटरी नवी आहे का जुनी याच्याशी लंबकाला देणंघेणं नाही. याच कल्पनेवर पुढे 1921 मध्ये शॉर्ट या इंग्लिश इंजिनियरचं निर्वात नळकांड्यातल्या लंबकाचं घड्याळ झालं, एडिंबराच्या वेधशाळेत बसलेलं, वर्षाला साधारण एका सेकंदाच्या अचूकतेचं.

माझ्याकडे शॉर्ट नाही, असणारही नाही, तशी घड्याळं जगात शंभरेकच बनली. पण हिप टॉगलचं एक घड्याळ आहे आणि त्याच्यासमोर मी सगळ्यात जास्त वेळ काढते. माथेउस हिपने 1840 च्या दशकात काढलेली ही युक्ती. लंबकाबरोबर एक इवलीशी पाती हलत असते आणि ती खाच पाडलेल्या एका ठोकळ्यावरून घसरत जाते. झोका मोठा आहे तोवर पाती खाच ओलांडून पलीकडे जाते, काही होत नाही. घर्षणाने झोका हळूहळू लहान होत जातो, आणि मग एका फेरीला पाती पलीकडे पोचत नाही, परतताना तिचं टोक खाचेत अडकतं, ठोकळा दाबला जातो, कॉन्टॅक्ट जुळतो, खालचं विद्युतचुंबक लंबकाला एकदा ओढतं आणि झोका परत मोठा. झोपाळ्यावर बसलेल्या पोराला आपण प्रत्येक झोक्याला ढकलत नाही ना, झोका मंदावला की एक हात देतो, तसं. घड्याळ स्वतःच ठरवतं की आत्ता वीज हवी आहे का नाही.

आणि यातूनच एक सुंदर गोष्ट होते. सेल नवा असला की एक ढकल जोरात मिळते, मग कितीतरी झोके काही न घेता जातात. सेल उतरत आला की ढकल कमजोर होते, मग घड्याळ जास्त वेळा मागायला लागतं. वेळ जवळपास तीच राहते, फक्त दोन टकटकींमधलं अंतर कमी होत जातं. म्हणजे कान देऊन झोके मोजले की सेल किती उरलाय ते कळतं. बंद पडायच्या कितीतरी आधी ते सांगत असतं की बाई, सेल बघ. मला आजच्या कुठल्याही उपकरणाचा लाल दिवा इतका समजूतदार वाटलेला नाही.

दुसरं जीव की प्राण म्हणजे बुल. फ्रान्सच्या फाव्र-बुलने पहिल्या महायुद्धानंतर बाजारात आणलेलं, काचेच्या घुमटाखालचं घड्याळ, आणि यात उलटं आहे, चुंबक स्थिर आणि कॉइल हलती. लंबकाच्या टोकाला तांब्याच्या तारेची कॉइल आणि तिच्या पोटातून आरपार जाणारी कमानीसारखी वाकवलेली चुंबकाची कांब. ही कांबसुद्धा साधी नाही, तिच्या दोन्ही टोकांना एकच ध्रुव आणि दुसरा ध्रुव मधोमध. लंबकाच्या दांड्यावर चांदीची एक पिन असते, ती एका चिमट्यासारख्या तुकड्यात झुलते, त्या चिमट्याची एक बाजू चांदीची आणि दुसरी वीज न वाहणारी, त्यामुळे जाताना ढकल मिळते आणि येताना नाही. दीड व्होल्टचा एक सेल, कॉइलचा रेझिस्टन्स हजार ओहमच्या पुढे, म्हणजे करंट घेऊन घेऊन घेणार किती, एखादा मिलीअँपियर, तोही क्षणभर.

बुल बंद पडलं की नव्वद टक्के लोक कॉइल गेली म्हणतात. आधी पिन बघा. भिंगाखाली ती काळी पडलेली दिसेल, चांदीवर गंज नाही तर तो काळपट थर असतो, आणि तिथून वीज जात नाही. सँडपेपर लावायचा नाही, अजिबात नाही, चांदी खरवडली की पिन पातळ होते आणि चिमट्यातलं अंतर बिघडतं ते कायमचं. साधा जाड कागद हळूहळू फिरवून थर काढायचा, बस. तेही झालं आणि तरी झोका लहानच असेल तर मग चुंबकाचा दोष, त्या काळचं चुंबकाचं पोलाद आजच्यासारखं टिकाऊ नव्हतं, शंभर वर्षांत कमजोर होतं. अशा वेळी लोक काय करतात, तर तीन व्होल्ट देतात. झोका वाढतो खरा, घड्याळ चालतंही, पण त्या नाजूक कॉन्टॅक्टवर दुप्पट भार पडतो. चुंबक परत चार्ज करून घेणं हाच रस्ता, वेळ लागतो, माणूस शोधावा लागतो, पण तोच.

युरेका राहिलंच. टिमोथी पॉवर्स या अमेरिकन माणसाचं 1906 चं पेटंट, घड्याळं बनली लंडनमध्ये आणि पहिलं महायुद्ध आलं तसं संपलं. त्यात लंबकाऐवजी एक भलंमोठं बॅलन्स व्हील समोरच दिसतं, विद्युतचुंबक त्या चाकातच बसवलेलं, आणि चाकाचा आस छोट्या छर्ऱ्यांवर टेकलेला. बघायला इतकं शांत आणि भारदस्त. अचूकतेच्या बाबतीत मात्र फार आशा धरू नये, सेल उतरला तशी त्याची चाल बदलते, कारण बळ आणि चाल यात त्याने पुरेसं अंतर ठेवलेलं नाही. हिपसमोर ठेवलं की हा फरक ढळढळीत कळतो.

एक गोष्ट मला या नादातच शिकायला मिळाली, ती म्हणजे वीज पूर्ण जाण्यापेक्षा अर्धवट असणं वाईट. जुन्या गाड्यांच्या डॅशबोर्डवरची घड्याळं घ्या. त्यात छोटी स्प्रिंग असते, ती एक दोन मिनिटांत उलगडली की दोन कॉन्टॅक्ट पॉइंट जुळतात, कॉइल झटका देऊन स्प्रिंग परत ताणते आणि त्याच झटक्याने पॉइंट सुटतात, ती मधूनच येणारी टक् ती हीच. बॅटरी काढून टाकली तर घड्याळ मिनिटभर चालून निवांत थांबेल, काही बिघडणार नाही. पण गाडी महिनोन्महिने उभी राहिली, बॅटरी मरत आली, की झटका पुरत नाही, पॉइंट जुळतात पण सुटत नाहीत, वीज वाहत राहते आणि कॉइल जळते किंवा पॉइंट चिकटतात. अशी जळलेली घड्याळं खूप येतात. म्हणून काही दिवस घराबाहेर जायचं असेल तर मी सेलवरच्या घड्याळांचे उतरलेले सेल आधीच बदलते किंवा काढून ठेवते, शिवाय अल्कलाइन सेल आत फुटून गळला तर पितळेची वाट लागते ते वेगळंच.

अजून एक, आणि हे जरा कळकळीने. जुन्या घड्याळाच्या मागे क्वार्ट्झचं प्लास्टिक मशीन बसवून "आता एकदम मस्त चालतं" म्हणणारे लोक आहेत. चालतं, वेळही बरोबर दाखवतं, वीज गेली तरी दाखवतं. पण मग उरली फक्त तबकडी आणि पेटी. ज्याने कुणी बळ साठवायची ती विशिष्ट युक्ती शोधली, दात कापले, खाच पाडली, ते सगळं भंगारात जातं, आणि एकदा गेलं की गेलं, त्याचे पार्ट कोणी बनवत नाही. तुम्हाला ते दुरुस्त करता येत नसेल तर बंदच राहू द्या, काही बिघडत नाही, पुढच्या कुणाला तरी येईल. आणि अंधारात चमकणारे जुने काटे असतील तर खरवडू नका, चमक गेलेली असली तरी आतलं रेडियम तसंच असतं, त्याचं अर्धायुष्य साधारण 1600 वर्षं आहे.

प्लगवाल्यांमध्ये माझ्या यादीत बसणारी थोडीच आहेत, पण ती मला फार जवळची. इलिनॉयची सँगामो कंपनी मुळात विजेचे मीटर बनवणारी, तिने मीटरच्याच धाटणीची मोटर घेऊन तिच्याकडून उत्तम दर्जाच्या घड्याळाची कमान गुंडाळून घेतली. वीज आहे तोवर कमान भरलेली राहते, वीज गेली तरी घड्याळ पुढे कितीतरी तास चालतं, आणि परत आली की मोटर गुपचूप तूट भरून काढते. या घड्याळाला फ्रिक्वेन्सीशी काही घेणं नाही. 60 हर्ट्झसाठी बनवलेलं सिंक्रोनस घड्याळ 50 हर्ट्झवर लावलं तर तासाला 10 मिनिटं मागे पडतं, ट्रान्सफॉर्मर लावून व्होल्टेज जुळवलं तरी पडतंच. सँगामोला फक्त योग्य व्होल्टेज द्या, चाल त्याची त्याच्याकडे आहे.

आणि मग बायक्रोनस, हॅमंडचंच, 1930 च्या आसपासचं. म्हणजे ज्याने नॉब फिरवायला लावला त्यालाही शेवटी लाईट जाण्याचा विचार करावा लागला. यात सिंक्रोनस मोटर तर आहेच, शिवाय एक स्प्रिंगवरची यंत्रणा, लाईट गेली की ती काटे आपल्याकडे घेते आणि साधारण अर्धा तास सांभाळते. फार काळ बनलं नाही. मी सध्या याच्याच मागे आहे आणि हवं तसं मिळत नाहीये, कारण मी पाहिलेल्यांत मोटर बहुतेकदा चालू असते पण राखीव बाजू जुन्या तेलाने गच्च अडकलेली, आणि विकणारा अगदी खऱ्या मनाने म्हणत असतो की घड्याळ चालू आहे, लाईट असताना ते चालतंच की. त्यामुळे असं घड्याळ बघायला गेले की तबकडी, पेटी, काटे सगळं नंतर, मी आधी प्लग काढून बघते.